माझ्या नावावरचं दुखणं

आमच्या ह्यांचं दुखणं काही महिने माझ्या नावावर चाललं होतं. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, टेम्पोच्या कागदांवर तर नाहीच. लागलं ते डोक्याच्या डॉक्टरकडे, आणि तेही दुसऱ्याच्या आजारापायी. आज हे लिहिताना थोडं हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

आमचं गाव संगमनेरपासून आतल्या रस्त्यावर आहे. हे दुधाचा टेम्पो चालवतात. ह्यांचं नाव मी लिहिणार नाही; घरातही कधी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी त्या दिवसांत त्यांनी ओ दिली नसती. पहाटे निघायचं, आसपासच्या गावांतून दुधाचे कॅन उचलायचे, संगमनेरला नेऊन रिकामे करायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेच, असं त्यांचं काम. मी घरीच ब्लाउज शिवते. सासूबाई, लग्नाला आलेला धाकटा दीर आणि शाळेत जाणारी आमची मुलगी, एवढंच घर.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला गावातल्या बायकांची मापं ठाऊक असतात तशी दुखणीही ठाऊक असतात. माप द्यायला हात वर केला की बाई बोलायला लागते. जीव घाबराघुबरा होतो, कशात मन लागत नाही, काळजात उगाच धस्स होतं, रडू कुठून येतं कळत नाही. बायकांकडे या सगळ्याला शब्द भरपूर आहेत. पुरुषांकडे एकच आहे, टेन्शन. तो उच्चारायचा, तळहातावर तंबाखू मळायची, की विषय संपला. आमच्या ह्यांना तर तोही शब्द जड जायचा. ते म्हणायचे, "गॅस हाय."

तो गॅस दिवाळीनंतर सुरू झाला. कारण विचाराल तर काही नव्हतं, आणि हेच मला अजून नीट पचलेलं नाही. टेम्पो चालू होता, दुधाचा दर नेहमीसारखा खालीवर होत होता, घरात कुणी गेलं नव्हतं की भांडलं नव्हतं. पण हे फेरीवरून आले की दारात गाडी उभी करून आतच बसून राहायचे, इंजिन बंद, किल्ली हातात. मी चहा नेऊन द्यायची आणि थंड झाल्यावर तसाच परत आणायची. कॅन बांधलेला दोर पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. ताट जरा आदळलं तर असे खेकसायचे की मुलगी आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन बसायला लागली. लग्न झाल्यापासून हा माणूस मोठ्यानं बोललेला मला आठवत नव्हता.

छातीत धडधडतं म्हणाले, म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीची पट्टी काढली, पट्ट्यावर पळवून बघितलं, सगळं चांगलं निघालं. सासूबाईंनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "रिपोर्ट क्लिअर हाय," हे घरात येईल त्याला सांगितलं जात होतं, आणि ज्याचा रिपोर्ट तो मात्र पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलेला.

मग एके दिवशी ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिराला दिलं. लग्नात माझ्या वडिलांनी घातलेलं होतं ते. "तुला असू दे, मला काय करायचंय," म्हणाले. दिराला आनंद झाला. मला नाही. ज्याचं पोट वेळ गाठण्यावर चालतं त्या माणसाला घड्याळ नको झालं, तर उद्या आणखी काय नको होईल, असा विचार मी करायला घेतला आणि अर्ध्यातच सोडून दिला. तेव्हापासून मला एकच धास्ती होती, की हा माणूस एक दिवस फेरीला जाईल आणि परत येणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईनं संगमनेरच्या मनोविकार डॉक्टरांचा पत्ता सांगितला होता. मी ह्यांच्यापुढे विषय काढला.

"मी काय येडा हाय का?"

"येडं कशाला असायला पायजे? झोप लागत न्हाई एवढंच सांगू."

"दूध घालनारी लोकं काय म्हनतील? ह्याच्या डोक्यात फरक पडलाय, ह्याच्याकडं गाडी नको. बंद कर तो इषय."

सासूबाई बाजूला मेथी निवडत होत्या. हे बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्यो न्हाई जायचा. आन जाऊबी नये. धाकट्याचं जमवायचं हाय, थोरल्याच्या डोक्यात बिघाड म्हनल्यावर पोरगी कोन देईल? तू जा."

"मी जाऊन काय करू?"

"त्याचं दुखनं तुझं म्हनून सांग. गोळ्या घेऊन ये. बाईमानसाला असतंच काय ना काय, कोन इचारतंय?"

"आन लोकांनी मला येडी म्हटलं तर?"

"तू काय आमच्या रक्ताची हायेस व्हय?"

मला लागावं म्हणून त्या हे बोलल्या नाहीत. त्या आपल्या सरळ व्यवहार सांगत होत्या. मुलाच्या डोक्याचं दुखणं घराण्याला लागतं. सुनेचं तिच्या माहेराहून आलेलं धरतात. मला इतका संताप आला की मी मशीनवर बसून असं पायडल हाणलं की सुईच तुटली. पण सुई बदलता बदलता वाटायला लागलं, म्हातारी काही मूर्ख नाही. गोळ्या मिळाल्या तर हे झोपतील. झोपले तर राहतील. नाव कुणाचं का लागेना.

दवाखाना एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर होता. हे मला सोडून रस्त्याच्या पलीकडे टेम्पोत काच वर करून बसले. डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहानच. मी ब्लाउजांना हूक लावता लावता सगळं पाठ करून गेले होते. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड, सारखी चिडचिड.

"रडू येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही. राग येतो."

"कुणाचा?"

"ताटाचा," मी म्हणाले. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली.

मग त्यांनी पाळीचं विचारलं, सासूचं विचारलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिस्टर पितात का? हात उचलतात?" मला ह्यांची फार दया आली. तिकडे बिचारे तोंड लपवून बसलेत आणि इकडे त्यांच्यावर मारहाणीचा संशय. "देवमाणूस आहे हो," मी म्हणाले. ते त्यांना पटलं नाही हे मला दिसलं.

"कसं आहे ताई," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक रडतात, काळजी बोलून दाखवतात. असा राग, असं गप्प होणं, कामात स्वतःला कोंडून घेणं, हे मला पुरुषांमध्ये जास्त दिसतं. पुरुष येतातच कमी, पण येतात ते असंच सांगतात. अर्थात प्रत्येकाचं वेगळं असतं. तुमचं असं असेल."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्या बरोबर आमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि मीच आतून कडी लावून घेतली होती.

पुढे त्यांनी विचारलं, "जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असं कधी मनात येतं?" हे मी पाठ केलेलं नव्हतं, कारण हे मी ह्यांना कधी विचारलंच नव्हतं. "नाही हो," मी घाईनं म्हणाले. "गाडी चालवता का? सुरुवातीला सकाळी गुंगी राहते, म्हणून विचारते." मला सायकलसुद्धा येत नाही, असं मी सांगितलं. तेवढं एक उत्तर माझं स्वतःचं होतं, म्हणून ते हसत देता आलं.

गुंगीचं मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, संध्याकाळची फेरी झाली की लगेच घेतो, पहाटेपर्यंत उतरंल. गोळीचं पाकीट उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या नावाच्या हायेत ना?" मी हो म्हटल्यावर गोळी तोंडात टाकली. त्या रात्री घोरले. सासूबाईंनी सकाळी देवापुढे साखर ठेवली. थोड्याच दिवसांत ताटाला हात लागायला लागला, खेकसणं कमी झालं, आणि सगळं घर म्हणायला लागलं, झालं की बरं.

माझं मात्र गावात व्हायचं ते झालं. दवाखान्याच्या जिन्यावर मला कुणीतरी पाहिलं होतं. बायका माप द्यायला येत, पण पूर्वीसारख्या बोलत नसत, मलाच न्याहाळत. एकीनं तर दिलेलं कापड परत नेलं. "घाई न्हाई गं, तुला बरं वाटल्यावर देते," म्हणाली. माझ्या हातात कात्री असायची याची तिला भीती वाटत होती. मी तिला काय सांगणार होते? खरं सांगितलं तर ह्यांचं गेलं, नाही सांगितलं तर माझं गेलं. मी माझं जाऊ दिलं, पण फार मोठ्या मनानं वगैरे नाही. रोज मनात सगळ्यांना शिव्या घालत होते.

बातमी फिरत फिरत बेलापूरला माझ्या माहेरी पोचली. आई तशीच एसटीत बसून आली. सासूबाईंनी तिला चहा दिला, शेजारी बसवलं, आणि अगदी कळवळून विचारलं, "तुमच्याकडं हुतं का हो कुनाला असं?" आई मान खाली घालून एकेक नातलग आठवायला लागली. आजी अशी नव्हती, मावशी अशी नव्हती, एक चुलत आत्या जरा तापट होती पण तेवढंच. ज्या गुन्ह्याची तिला कल्पनाही नाही त्याची ती कबुली शोधत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते उठून टेम्पोचा दोर बघायला गेले. त्या दुपारी मला त्या घरातलं एकही माणूस आवडत नव्हतं, मी धरून.

गोळ्या संपल्या म्हणून पुन्हा गेले. झोप लागते, भूक सुधारली, राग कमी आहे, असं भराभर सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमचा चेहरा तसं म्हणत नाही."

"उन्हातून आले ना."

"पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या."

"त्यांना कामातून सवड नसते," मी म्हणाले, आणि गोळ्या घेऊन खाली आले. त्याच आठवड्यात मी एका झंपरला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी कापड लपवून ठेवलं आणि नवीन आणून शिवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका पहाटे फोन आला. आमच्या गावापासून पुढच्या वळणावर टेम्पो रस्ता सोडून पाटाच्या चारीत गेला होता आणि बाभळीला अडकला होता. कॅन सांडून सगळं दूध चारीत गेलेलं. ह्यांचं खांद्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. जीव वाचला. जमलेल्या लोकांना ह्यांनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. लोकांनी माना डोलावल्या. रस्त्यावर कुत्री काही कमी नाहीत.

संगमनेरच्या दवाखान्यात टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांना काही औषधं चालू आहेत का?"

"काय बी न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"आहेत," मी म्हणाले. "रोज रात्री गोळी घेतात. झोपेची, मनाच्या आजाराची. माझ्या नावावर आणलेली आहे, पण घेतात हे."

सासूबाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठला. दीर माझ्याकडे बघत राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याचं लग्न अजून जमलेलं नाही. ते यामुळे की दुसऱ्या कशामुळे, कोण सांगणार, पण घरात ते माझ्या खात्यावर मांडलेलं आहे. असू दे.

टाके झाल्यावर मी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसले. मला वाटत होतं, गुंगी आली असणार, माझ्या गोळीनंच घात केला. ते एकदा ऐकून घ्यावं आणि मोकळं व्हावं.

"कुत्रं न्हवतं ना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नव्हतं.

"डोळा लागला हुता का?"

हे वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "जागा हुतो मी."

"वळन दिसलं न्हाई?"

"दिसलं की. सगळं दिसत हुतं."

इतके दिवस जे अर्ध्यात सोडून दिलं होतं ते आता तिथंच, स्टुलाशेजारी होतं. मी सरळ विचारलं. मरायचं मनात येतं का, म्हणून. बायको नवऱ्याला असं विचारू शकते हेच मला ठाऊक नव्हतं.

"लई दिसांपास्नं," ते म्हणाले.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू माझंच घेऊन हिंडत हुती गावभर. अजून किती द्यायचं तुला."

म्हणजे गोळीनं झोप दिली होती, भूक दिली होती, आणि घरानं त्यालाच बरं होणं म्हटलं होतं. जे खरं दुखत होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी ह्यांना बघितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी ह्यांचा चांगला हात धरून बसले. राग आणि भीती यांतलं नक्की काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही, पण हात सोडायची छाती झाली नाही.

बाहेर येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं, वळणाचंसुद्धा. म्हटलं, आता ह्यांच्या नावानं दवाखाना होणार. गावाला कळलं तर कळू दे. त्या म्हणाल्या, "आन धाकट्याचं?" मी म्हटलं, "आधी थोरला तर राहू द्या." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. मला त्यांना धरावंसं वाटलं नाही. थोड्या वेळानं वाटलं, मग धरलं.

टाके काढायच्या आधीच मी ह्यांना त्या जिन्यावरून वर नेलं. डॉक्टर आधी माझ्यावर रागावल्या, आणि बरोबरच रागावल्या. दुसऱ्याच्या गोळ्या देणं म्हणजे काय असतं, हे त्यांनी मला चांगलं ऐकवलं. मग म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा.

बाहेर बाकावर सगळ्या बायकाच होत्या. एक म्हातारी, एक कडेवर लेकरू घेतलेली, एक नुकतं लग्न झालेली. प्रत्येकीच्या हातात कागद आणि कागदावर तिचं नाव. यांतल्या किती जणी आपलं दुखणं घेऊन आल्यात आणि किती जणी घरच्या कुणाचं, असं माझ्या मनात येत राहिलं. ह्यांना फार वेळ लागला. जो माणूस घरात चहाला हो म्हणायला कंटाळतो, तो आत एवढं काय बोलतोय, कळेना. आवाज येत नव्हता.

शेवटी दार उघडलं. हे बाहेर आले, हात झोळीत, डोळे लाल. माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तुला आत बोलावलंय."

"मला? आता मला कशाला?"

"मी सांगितलं त्यांना." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होते. "म्हनलं, ती रात्रभर जागी असती. मी झोपलो का माझ्या नाकाशी हात धरती, श्वास चाललाय का बघती. न्हानीत नळ सोडून रडती. तिला वाटतं मला ठाऊक न्हाई."

बाकावरच्या बायका ऐकत होत्या. मी उठले, आत गेले, त्याच खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, आता तुमचं सांगा." मी काहीच पाठ करून आले नव्हते. बोलायला तोंड उघडलं आणि नुसती रडत राहिले.